हात द्यायची सवय

आमच्या गोदामात पोतं कुणी एकट्यानं उचलत नाही. उचलणारा वाकतो, "हात!" म्हणतो, आणि जवळ जो असेल तो हातातलं काम टाकून दुसरं टोक धरतो. पोतं पाठीवर चढलं की दोघं आपापल्या वाटेला लागतात. आभार वगैरे कुणी मानत नाही. सोळा वर्षं मी इथं पोत्यांवर लेबलं चिकटवते, म्हणून मला लेबलबाई म्हणतात. इतक्या वर्षांत किती जणांना हात दिला ते विचारू नका.

फोर्कलिफ्ट चालवायची जागा निघाली तेव्हा मी तिसऱ्यांदा अर्ज केला. पहिल्यांदा बायकांचे अर्ज घेत नव्हते, दुसऱ्यांदा माझा सापडला नाही. वयाची अट पंचेचाळीस, आणि पुढच्या महिन्यात मी ती ओलांडणार होते. ही वेळ हुकली की मग शेवटपर्यंत लेबलंच. गाडी मला येत होती. जुना ड्रायव्हर जेवायला बसला की मीच हलवायचे, लायसन्सही काढून ठेवलं होतं. धाकट्या भावाला इथं मीच चिकटवलं आणि गाडीही मीच शिकवली. आता त्यानंही अर्ज केला होता.

"सहज टाकलाय गं, ताई," म्हणाला.

परीक्षा मात्र गाडीची नसते. पन्नास किलोचं पोतं उचलून वजनकाट्यापासून दारापर्यंत न्यायचं. गाडी नव्हती तेव्हाचा हा नियम. बसून लिव्हर ओढणाऱ्याला पोतं कशाला उचलता यायला हवं, असं मी साहेबांना विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखा आहे, बाई. यालाच समान संधी म्हणतात."

भिंतीवर तसा छापील कागदही लागला होता. तो चिकटवायलाही मलाच बोलावलं होतं.

परीक्षेला आम्ही पाच जण. भावाचा नंबर माझ्या आधी. तो वाकला, सवयीनं "हात!" म्हणाला. जवळ मीच होते. मी टोक धरलं, पोतं त्याच्या पाठीवर चढलं, तो दारापर्यंत जाऊन आला. साहेबांनी कागदावर खूण केली. आधीच्या तिघांनाही कुणी ना कुणी हात दिला होता. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

मग मी वाकले. "हात!"

भाऊ पुढं झाला.

"थांब," साहेब म्हणाले. "त्यांचं त्यांना उचलू दे. उद्या कुणी म्हणायला नको, बाईला सवलत दिली."

"अहो, पण साहेब, या सगळ्यांना..."

"मदत घेऊन उचललं तर परीक्षा कसली?"

मी भावाकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. पोतं गुडघ्यापर्यंत आलं. दुसऱ्यांदाही तिथवरच आलं. तिसऱ्यांदा सुटलं आणि माझ्या पायाशी आडवं झालं.

घरी जाताना तो म्हणाला, "साहेब समोर होते ना, ताई. मी काय बोलणार?"

माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. "चल, उशीर होतोय," एवढंच म्हटलं. पण तो शेजारून चालत होता ना, तेवढंही मला सहन होत नव्हतं.

पास झालेल्या चौघांत गाडी फक्त भावाला येत होती, म्हणून सोमवारपासून तो गाडीवर बसला. तिसऱ्याच दिवशी गाडी मागं घेताना रॅकला घासली आणि वरचं एक पोतं ऐन वाटेत पडलं. बाहेर ट्रक खोळंबला, तसे साहेब धावत आले. भाऊ खाली उतरला, वाकला.

"हात!"

जवळ मीच होते. माझे हात पुढं गेलेसुद्धा. मला त्या हातांचाच राग आला. मी ते मागं घेतले आणि साहेबांकडे वळले.

"देऊ का, साहेब? की सवलत होईल?"

लेबलं चिकटवणारे, पोती रचणारे सगळे थांबून बघायला लागले. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. साहेब हातातले कागद उगाच चाळू लागले. भावाच्या हातातलं पोतं गुडघ्यापर्यंत येऊन थांबलं होतं, माझं थांबलं होतं तिथंच.

मी उत्तराची वाट बघत उभी राहिले.