दोरीत उगवलेला लव्हाळा

निवृत्त झाल्यावरही त्यांना सगळे फोरमनच म्हणत. घरामागचा भाजीचा तुकडा त्यांनी कारखान्याच्या शिस्तीने आखला होता: कोपऱ्यांत खुंट्या, ताणलेली दोरी, दोरीला समांतर वाफे. पण त्या तुकड्यावर लव्हाळ्याने असा कब्जा केला होता, की वांगी-भेंडी त्यात परक्या घरी आल्यासारखी अंग चोरून उभी राहत. उपटायला जावे तर हाती नुसते पाते येई. खाली काळ्या गाठींची माळ शाबूत राही आणि पुन्हा मान वर काढी.

मुलाचे मत ठरलेले होते. "बाबा, गाडी रस्त्यावर आणि मागे आपण गवत पोसतोय. फरशी घालून टाकू."

"एक हंगाम दे. गवत निघालं नाही, तर घाल तुझी फरशी. मी चकार शब्द काढणार नाही."

"आईच्या साक्षीनं बोललात हं!"

"मला कशाला मध्ये ओढता?" आई आतून म्हणाली. "शेवटी दोन्हीकडून बोलणी मलाच बसणार."

फोरमननी कुदळीला हात लावला नाही. कुदळीने मुळाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नवा संसार थाटतो. पहारीने माती सैल करायची, बोटांनी दोऱ्यासारखे मूळ चाचपत गाठीपर्यंत पोहोचायचे, मग सगळी माती चाळणीतून काढायची, अशी त्यांची रीत. चाळणी त्यांनी स्वतःच बनवली होती. कंबर मोडून गेली, नखे काळी पडली. गाठींनी घमेली भरत गेली.

"अहो, या पत्र्यावर वाळवून जाळूया का?" पत्नीने विचारले.

"खतासारखा माल जाळायचा? खताच्या खड्ड्यात टाक. आतल्या उष्णतेनं तिथं काही जिवंत राहत नाही."

"पण खड्डा तर गारच लागतो हाताला."

"आता तू मला उष्णता शिकव!"

तिने घमेले खड्ड्यात रिकामे केले. त्यानंतरचीही केली.

हंगामाच्या तोंडाशी जमीन इतकी स्वच्छ झाली, की मुलानेसुद्धा माती मुठीत घेऊन पाहिली. "मानलं, बाबा. गाडी राहू दे रस्त्यावर." त्या दिवशी फोरमन दोन घास जास्त जेवले. दुसऱ्या सकाळी त्यांनी दोरी ताणली, दोरीखाली चर काढले, खड्ड्यातले खत चाळून चरांत सारखे पसरले आणि वर भेंडीचे बी टोकले. बारीक गाठी चाळणीच्या भोकांतून सहज जातात, हे मोजमापात मुरलेल्या त्या माणसाच्या ध्यानातही आले नाही.

भेंडीच्या आधी लव्हाळा उगवला. इकडेतिकडे नव्हे, दोरीत, एका रेषेत, पेरल्यासारखा.

मुलगा वाफ्याच्या कडेला उभा राहून हसला. "काय सरळ ओळी आहेत! कामात चूक काढायला जागा नाही."

फोरमनची कानशिले तापली. पत्नी दारात होती. तिच्याकडे न पाहता ते म्हणाले, "गाठी खड्ड्यात टाकल्या हिनं. अख्ख्या हंगामाची माती केली."

पत्नी त्यांच्याकडे पाहत राहिली. एवढे बोलून झाल्यावर ते स्वतःच दुरुस्ती करतील, असे तिला बहुधा वाटत होते. ते खाली वाकून दोरी गुंडाळू लागले.

"आई, खरंच?"

"हो, टाकल्या मीच," ती म्हणाली. "घाल बाबा तुझी फरशी."

फोरमननी शब्द पाळला. मुलाने काँक्रीटचा खर्च वाचवून वाळूवरच फरशा बसवून घेतल्या, तेव्हा त्यांनी गवंड्याला फक्त उतार दाखवला. त्या दिवसापासून पत्नीही मोजकेच बोले. ताट वाढले जाई, औषध उशाशी ठेवले जाई. पण "अहो" ही हाक घरातून नाहीशी झाली होती.

मग एका सकाळी, गाडी बाहेर गेल्यावर, दोन फरशांच्या फटीत त्यांना सुईसारखे हिरवे टोक दिसले. पुढच्या फटीतही. सांध्यांच्या रेषेत, अगदी सरळ.

त्यांनी मान वर केली. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेही ते पाहिले होते.

"विचारा आता त्या लव्हाळ्यालाच," ती म्हणाली, "कुणी टाकलं ते."

आणि तिने दार लोटून घेतले.