सहाव्या समितीचं कलम

विधिमंडळाच्या कचेरीतल्या त्या टायपिस्टने विधेयकाचं शेवटचं पान कात्रीने कापलं आणि पट्ट्या पाच ट्रेमध्ये वाटल्या. इमारत बांधकाम समितीकडे, जमीन महसूलकडे, औषधं आरोग्यकडे, नोकरवर्ग सेवा समितीकडे, खर्च अर्थ समितीकडे. त्या काळी कायदा असा तुकड्यातुकड्यांनी व्हायचा. तुकडे परतले की ती खळीने जोडून सलग टाइप करायची. खळीचा वास बोटांबरोबर घरापर्यंत यायचा. सबंध विधेयक वाचणारी ती एकटीच.

हे विधेयक मनोरुग्णालय बंद करण्याचं होतं. पट्ट्या संपल्या, तेव्हा तिचा हात थबकला. आत राहणाऱ्या माणसांचं कलमच नव्हतं. तिची थोरली बहीण एकवीस वर्षं तिथेच होती.

“साहेब, रुग्ण कुठे जाणार?” तिने हेडक्लार्कना विचारलं.

“असेल कुठल्यातरी समितीकडे.”

“पाचही समित्यांच्या पट्ट्या मीच वाटल्यात.”

“मग सहावी असेल! बाई, तुम्ही आमदार कधीपासून झालात?”

हसत हसत ते चहाला गेले. तिने यंत्रात कागद चढवला. ‘कलम चौदा : प्रत्येक रुग्णाची दुसरीकडे सोय झाल्याखेरीज रुग्णालय बंद होणार नाही.’ खाली, ‘सहाव्या समितीकडून मंजूर.’ एक अक्षर चुकलं नाही.

चार दिवसांत पाचही अध्यक्षांच्या सह्या झाल्या. प्रत्येकाने आपापली कलमं पाहिली. चौदावं दुसऱ्यांचं म्हणून पान उलटलं.

“सहावीवाले नेमकं लिहितात हो,” एक जण म्हणाले.

रविवारी ती रुग्णालयात बहिणीचे केस विंचरत बराच वेळ बसली.

सोमवारी दुपारी शिपायाने टेबलावर कागद ठेवला. ‘कलम चौदा वगळावे. एकमत. सहावी समिती.’ खाली सात सह्या. या इमारतीतली प्रत्येक सही तिच्या ओळखीची होती. यातली एकही नव्हती. शाई अजून ओली होती.

“कुणी दिलं हे?”

“समितीनं. वर, कोपऱ्यातल्या खोलीत बसलेत.”

“ती तर रद्दीची खोली.”

“असेल. मी सकाळपासून दोनदा चहा नेला.” शिपाई दारात घुटमळला. “बाई, हरकत असेल तर येऊन मांडा म्हणालेत. फक्त, आत आलेल्याला बैठक संपेपर्यंत उठता येत नाही, तेवढं सांगून ठेव म्हणाले.”

“आणि बैठक संपते कधी?”

“ते नाही बोलले.”

तिने टाइपरायटरवर झाकण घातलं, टिपकागदाने सह्या टिपल्या आणि कागद घेऊन जिना चढू लागली. वर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी जागा करून देत होतं.