यादीतला पहिला हॉल

इरबिद शहरातल्या आमच्या ऑफिसात एकाच सर्व्हरवर चाळीस वेबसाइट आहेत. जे नाव विचाराल ती साइट तो यादीत शोधून दाखवतो. नाव सापडलं नाही, तर यादीतली पहिली. ती पहिली जागा आमच्या मालकांनी, अबू लुआयनी, मेहुणा चालवतो त्या लग्नाच्या हॉलला दिली आहे. चुकलेलं गिऱ्हाईक आयतं मिळतं म्हणे! तिथे कोरं पान ठेवा, असं मी वर्षभर कानीकपाळी ओरडतेय.

गेल्या आठवड्यात गणिताचे उस्ताद फव्वाझ वारले. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं, मलाही. त्यांच्या मुलीने, मैसूनने, समाचाराला येणाऱ्यांसाठी आमच्याकडून एक पान करून घेतलं: घराचा पत्ता आणि तीन दिवसांच्या वेळा. अबू लुआयनी ते स्वतः चढवलं. सर्व्हरकडे यायच्या वाटा दोन, साधी आणि सुरक्षित, आणि प्रत्येकीची यादी वेगळी. त्यांनी नाव साध्या वाटेच्या यादीत लिहिलं, सुरक्षित वाटेच्या यादीत विसरले. हल्ली सगळे फोन सुरक्षित वाटेनेच येतात.

चौथ्या दिवशी मैसून ऑफिसात आली.

"बाबांचा एक विद्यार्थी आज बाजारात भेटला. थेट अकाबाहून आला होता. पान उघडलं तर हॉलचा पत्ता. लोक समाचार हॉलमध्येही ठेवतात, म्हणून तो तिकडेच गेला. आत लग्न! त्याच्यासारखे बरेच होते म्हणे, सगळ्यांना हाकललं."

"होतं असं कधीकधी, पोरी," अबू लुआय म्हणाले. "वर्षभर पान फुकट ठेवतो."

माझं डोकंच फिरलं. मेलेल्या माणसाचं पान, वर्षभर फुकट! लाज कशी वाटत नाही?

"आम्ही शंभर खुर्च्या मांडल्या होत्या," मैसून म्हणाली. "वीससुद्धा भरल्या नाहीत. आई सारखी विचारतेय, त्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं?"

मी अबू लुआयसमोरच हॉल यादीतून काढला. "अगं इनआम, विचारून तरी!" ते ओरडले. मी ऐकलं नाही. कुणी कुठलं नाव विचारलं याची नोंद सर्व्हर ठेवतो. ती छापून घेतली आणि मैसूनबरोबर तिच्या घरी गेले.

तिची आई, आमच्या खाला, रिकाम्या दिवाणखान्यात बसल्या होत्या. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

"खाला, तीन दिवसांत सहाशे चौदा जणांनी उस्तादांचं नाव विचारलं."

त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं.

"म्हणजे निघाले होते?"

"निघाले होते, खाला. आम्ही त्यांना दुसऱ्याच दारात नेऊन सोडलं."