दोन किलोंसाठी

"ठेव ती भाकरी खाली!" शौकत गरजला, आणि सुमैय्याने हातातला घास मुकाट्याने ताटात ठेवला. तिची आई मैमुना नवऱ्याकडे बघत राहिली.

सोळा वर्षांची पोर. वुशूत, म्हणजे त्या लाथाबुक्क्यांच्या चिनी लढतीत, गेली काही वर्षं तिला अमिरातीत कोणी हरवलं नव्हतं. शौकत दुबईत जबल अली बंदराच्या एका गोदामात सुपरवायझर. तिथे त्याला कोण विचारतो? पण कोणी 'चॅम्पियनचे अब्बा' म्हटलं की स्वारीची छाती फुगायची! पदकाचा फोटो आधी रत्नागिरीच्या नातेवाइकांना जायचा, पोरीच्या सुजलेल्या ओठाकडे मग सवडीने बघायचं.

यंदा पोर उंच झाली, वजन जुन्या वजनगटापेक्षा दोन किलो जास्त भरलं. अल क्वोजच्या क्लबातल्या तिच्या चिनी कोच लिऊ मॅडम स्वतः एकेकाळच्या चॅम्पियन. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "शौकतभाई, अब ऊपर का वजन में खेलेगी. हारेगी तो हारेगी."

"हारेगी? मॅडम, दो किलो की तो बात है!"

"मेरा भी दो किलो का बात था." मॅडमनी पोटाच्या खालच्या बाजूचा लांब व्रण दाखवला. "पानी बंद, पसीना निकालो. मैं जीती. बाद में दोनों किडनी गया. मम्मी ने अपना दिया. पापा आज भी सबको मेडल दिखाता है. मम्मी का पेट किसी को नहीं दिखाता."

एवढं ऐकून शौकतच्या डोक्यात काय शिरलं? मॅडम जिंकली होती, एवढंच!

वजनाच्या दिवशी त्याने पोरीला दोन जॅकेटं चढवली, क्लबामागच्या मोकळ्या जागेत गाडीत बसवलं आणि हीटर चालू केला. भर जूनची दुपार! स्वतः शेजारच्या एका गोदामाच्या सावलीत उभा राहिला. काचेवर टकटक झाली.

"अब्बा, प्लीज! जस्ट वन सिप!"

"खलास! वजन झालं की बादलीभर पी."

पुन्हा टकटक झाली, तेव्हा त्याने पाठ फिरवली. हो मंडळी, बापाने! दार आतून उघडत होतं. पोरीने उघडलं नाही. एवढा तिला त्याचा धाक.

काट्यावर वजन बरोबर भरलं. शौकतने फोटो काढला, गावच्या ग्रुपवर टाकला आणि मान वर केली, तर पोर काट्याशेजारी कोसळली होती.

इस्पितळात ती शुद्धीवर आली तेव्हा क्लबातल्या कोणाकडून तरी गाडीचं कळलेल्या डॉक्टर कडक आवाजात विचारत होत्या, "इसको गाडी में किसने बिठाया?"

फुटलेले ओठ हलले. "आय डिड इट मायसेल्फ. अब्बा डिडन्ट नो."

पोलीस, व्हिसा, नोकरी, सगळं शौकतच्या डोळ्यांपुढून गेलं आणि पोरीचं खोटं त्याला क्षणभर गोडही वाटलं! मग त्याने तिच्याकडे पाहिलं. ती घाबरली होती, आणि मरणाला नव्हे, त्यालाच!

"झूठ बोल रही है!" तो ओरडला. "मैंने बिठाया! उसके बाप ने बिठाया!"

पण पोरीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि कबुलीने ती बरी होत नाहीत. शौकतने स्वतःचं देऊ केलं, जुळलं नाही. मैमुनाचं जुळलं. पोर वाचली. पुन्हा मात्र ती कधी लढली नाही आणि बाप खोलीत आला की आजही हातातला घास खाली ठेवते.

आता वजनाच्या दिवशी शौकत क्लबाच्या दारात उभा असतो. आईबापांना हात जोडतो. परवा दत्तप्रसाद नावाच्या एका बापाने त्याला झिडकारलं. "शौकतभाई, तुमचं बरंय! तुमच्या घरी पदकं आहेत, म्हणून हे शहाणपण सुचतंय."

"घरी चल," शौकत म्हणाला, "सगळी पदकं घेऊन जा. तुझ्या पोराची भाकरी तेवढी त्याच्या ताटात राहू दे."

दत्तप्रसाद हसला, पोराचा दंड धरून आत गेला.

मंडळी, तुम्ही हसू नका. लेकरू जिंकावं असं कोणाला वाटत नाही? पण जिंकायची हौस आपली आणि सोसायचं लेकराने, हा कुठला न्याय? काचेवर टकटक झाली की आधी दार उघडा!