हातचा कुणाच्या हातचा?

मी दहा काड्यांचा गठ्ठा बोलतोय, आणि गोड बोलायची माझी तयारी नाही.

सुताराने एकाच फळीतून आम्हा दहा जणांना सारखं तासलं. कमरेला रबर चढलं आणि आमचं एक दशक झालं. मुलांनी मला सोडावं, पुन्हा बांधावं, यासाठीच माझा जन्म. पण शाळेतली पाच वर्षं मी इतर गठ्ठ्यांसोबत काचेच्या कपाटात काढली. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. तपासणीला साहेब आले की साहित्य कसं कोरं करकरीत दिसायला हवं!

कपाटातून मला दुसरीचा वर्ग दिसे. तिथल्या एका मुलीने सत्तावीस आणि पंधराची बेरीज तीनशे बारा लिहिली. सात नि पाच बारा, दोन नि एक तीन, दिले शेजारी शेजारी मांडून.

"अगं, बाराचे दोन खाली, हातचा एक वर," बाई म्हणाल्या.

"कुणाच्या हातचा, बाई?"

वर्ग खिदळला.

"हातचा म्हणजे हातचा. जास्त डोकं चालवू नकोस. चाचणीत असं केलंस तर मागे बसवीन, कच्च्यांच्या रांगेत."

डोकं चालवू नकोस म्हणे, आणि तेही गणिताच्या तासाला.

मग बाई आठवडाभर रजेवर गेल्या. बदली आलेल्या तरुण बाईंनी किल्ली मागून आणली, तीन गठ्ठे बांधलेलेच ठेवले आणि माझं नि शेजारच्या गठ्ठ्याचं रबर काढलं. मुलीने सात नि पाच सुट्या काड्या एकत्र केल्या, त्यातल्या दहा मोजून बांधल्या आणि मुठीत धरल्या.

"बाई, हा एक नाहीच. हे दहा आहेत."

चाचणीत तिची सगळी उत्तरं बरोबर आली. फक्त हातच्या एकाऐवजी तिने चिमुकला गठ्ठा काढला होता. रजेवरून परतलेल्या बाईंनी त्यावर लाल फुली मारली. आई भेटायला आली.

"उत्तर बरोबर आहे ना, बाई?"

"उत्तराचं काय घेऊन बसलात? शिकवलं तसं लिहायला नको?"

मुलगी मागच्या रांगेत गेली. मी कुलपाआड.

काल तिने केसांचं रबर काढून दहा पेन्सिली बांधल्या आणि रडकुंडीला आलेल्या शेजारणीला हातचा समजावला. शेजारणीला समजला. बाईंनी तो गठ्ठा जप्त करून माझ्याशेजारी ठेवला.

गुरुजनहो, कपाटात आता एक दशक वाढलंय. उद्या आणखी येतील. कुलूप तुम्ही काढताय, की आम्ही काच फुटायची वाट बघू?