कापसावर निजायचं तिसरं सत्र

दहा मुलांपैकी किमान सात जणांनी सहाही सत्रं पूर्ण केली, तरच हा उपक्रम पुढे चालणार होता. सिकलसेलचं दुखणं उठलं की श्वासाकडे, शरीराकडे शांतपणे लक्ष कसं द्यायचं, हे मोबाइलवरून शिकवता येतं का, ते मी तपासत होते. पहिल्या दोन सत्रांना दहाही जण होते. तिसऱ्यातून पाच जण मध्येच निघून गेले.

बीबी गावाजवळच्या धम्मशीलाला फोन केला. ती चौदा वर्षांची. फोन तिच्या आईनं, चांगुणाबाईंनी उचलला.

"मॅडम, पोरगी म्हणते, मले नाही बसाचं."

"का हो?"

"तुम्हीच इचारा. घे वं, बोल."

धम्मशीलानं फोन घेतला. "तुम्ही म्हणता, डोळे मिटा, आपण कापसाच्या ढिगावर निजलो. तुम्ही कधी निजल्या का?"

"हो, लहानपणी रोज." माझे अब्बा लोणारला गाद्या भरतात.

"तो पिंजलेला असन! आमच्या घरात भाव येईस्तोर बीटी कापूस भरून ठेवला हाय, आढ्यापर्यंत. त्याच्यावरच निजा लागते. रातभर अंग खाजवते. एक तं हाडं ठणकतात, अन् वरून तुम्ही खाज आठवाले लावता!"

मागून चांगुणाबाई हसल्या. "मॅडमले मुक्कामालेच बोलाव एकदा."

उरलेल्या चौघांना फोन केले. तिघांच्या घरात कापूस होता. चौथ्याचा मोबाइल सत्र चालू असतानाच वडील शेतात घेऊन गेले होते. मी आयुष्यभर सरकी काढलेला कापूसच पाहिला होता.

पुन्हा धम्मशीलालाच विचारलं, "मग काय आठवायचं?"

"भाकरी झाल्यावरची चूल. इस्तव विझत आलेला राह्यते. जवळ बसलं का गुडघे शेकतात."

"तूच सांग. मी रेकॉर्ड करते."

तिच्या आवाजात तिसरं सत्र पुन्हा घेतलं. पाचही जण परतले. पुढे कापूस वेचणीत तिघांचं एकेक सत्र बुडालं, म्हणजे उरले बरोबर सात. शेवटच्या सत्राला त्या सातांपैकी सहाच दिसत होते. सातवी धम्मशीला, दुखणं वाढून आदल्या दिवशीच रुग्णालयात दाखल झालेली. तिच्याशिवाय सुरू करावं लागलं.

दोन मिनिटांनी पडद्यावर सलाइनची नळी दिसली. फोन चांगुणाबाईंनी धरला होता.

"लय दुखते का?" मी विचारलं.

"हाव. पन चालू ठेवा."

उजळणीसाठी तिचंच रेकॉर्डिंग लावलं. चुलीचं वर्णन येईपर्यंत तिच्या कपाळावरची आठी तशीच होती. मग डोळे मिटूनच ती पुटपुटली, "माहा आवाज असा हाय का वं, माय?"

"गप. ऐकू दे मले."

अहवालात मी सात हा आकडा लिहिला. सत्रांच्या लेखनाच्या रकान्यात माझ्या नावाआधी तिचं नाव घातलं, पूर्ण, वडिलांच्या नावासह.