भाऊजींच्या घशातली वीज

आमच्या भाऊजींना सगळे 'रेडिओ' म्हणायचे, आणि तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग यायचा नाही. उलट नवं गिऱ्हाईक दुकानात शिरलं की ते स्वतःच सांगायचे, "बसा, बसा. केस कापून होतील तेव्हा होतील, आधी बातम्या ऐका." चौतीस वर्षं एकाच आरशासमोर उभं राहून त्यांनी लोकांची डोकी भादरली. त्यात कात्री कधी थांबली असेल, जीभ नाही. मी त्यांचा मेहुणा, शेजारची खुर्ची माझी. कामाला लागलो तेव्हा त्यांनी पहिला धडा दिला तो कात्री धरण्याचा नव्हता. म्हणाले, "माणसाचं डोकं हातात घेतोस ना, मग आधी त्याचं मन हलकं कर."

असा माणूस एका सकाळी वाक्याच्या मधोमध थांबला.

पोस्टमनच्या सासूबाई सायकल शिकत होत्या, त्याची गोष्ट ऐन रंगात आली होती. सासूबाई उतारावर सुटलेल्या, ब्रेक लागत नाही, आणि भाऊजींचा चेहरा एकदम पिळवटला. डावा हात कानाखाली गेला, डोळे गच्च मिटले. दहा-पंधरा सेकंद गेले असतील. मग हळूच डोळे उघडून ते म्हणाले, "घशात वीज पडली रे. जिभेच्या मुळापासून निघाली ती थेट कानात."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला वेगळीच काळजी. "पण सासूबाईंचं काय झालं?"

"गवताच्या ढिगात गेल्या," मी सांगून टाकलं. ती गोष्ट मला पाठ होती.

त्या दिवसापासून वीज येतच राहिली. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग दिवसातून वीस वेळा. घोट गिळला की कळ, जांभई दिली की कळ, गार पाणी तर शत्रूच. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बोललं की कळ. भाऊजींनी गुळण्या केल्या, कानात थेंब घातले, भर उन्हात गळ्याला मफलर गुंडाळला. घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा लावून पाहिलं आणि म्हणाले, घसा आरशासारखा स्वच्छ आहे. दातांच्या डॉक्टरांना मागची दाढ संशयास्पद वाटली, म्हणून ती काढली. दाढ गेली, कळ राहिली.

शेवटी मोठ्या इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिलं. घशाची एक नस बिघडली होती. त्यांच्या गोळ्यांनी सुरुवातीला बरं वाटलं, पण मग डोस वाढवावा लागला, आणि भाऊजी चालताना एका बाजूला झुकायला लागले. एकदा तर आरशातल्या गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावायला निघाले होते.

मग त्यांनी बोलणंच सोडलं. खुणा करायचे, मान हलवायचे, फार तर "हूं" म्हणायचे.

माझ्या ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, पहिले दोन दिवस स्वर्ग ठेंगणा झाला. इतकी वर्षं ती म्हणायची, "अहो, श्वास तरी घ्या मध्ये." तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो तर ती प्रेशर कुकरशी बोलत होती. मला बघून ओशाळली आणि म्हणाली, "निदान हा शिट्टीने उत्तर तरी देतो."

दुकानात मात्र गंमतच झाली. रेडिओ बंद पडल्यावर ती शांतता गिऱ्हाइकांना सोसेना, तेव्हा तेच बोलू लागले. टपाल कचेरीतले एक कारकून वीस वर्षं येत होते. "बारीक करा" यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द ऐकला नव्हता. त्यांनी एके दिवशी आपल्या कासवाची हकिकत सुरू केली. कासव घरातून निघून गेलं होतं आणि चार महिन्यांनी आपल्या पायांनी परत आलं होतं. भाऊजी कात्री हातात धरून ऐकत राहिले. पुढे काय झालं, हे विचारायला त्यांचे ओठ नुसते हलत होते.

असे आठ महिने गेले. मग दातांचे डॉक्टर दाढी करायला आले.

भाऊजींनी त्यांच्या तोंडाला फेस लावला, मान मागे टेकवली, वस्तरा गळ्याशी नेला, आणि नेमकी तेव्हाच वीज पडली. वस्तरा जागच्या जागी थांबला, कातडीपासून बोटभर अंतरावर. हात इतका घट्ट आवळलेला की बोटं पांढरी पडली. मी धावत जाऊन वस्तरा काढून घेतला. डॉक्टरांना खरचटलंसुद्धा नव्हतं. पण भाऊजी बाकावर जाऊन बसले आणि हात मांडीवर ठेवून त्या हातांकडेच बघत राहिले. स्वतःच्या हातांची भीती वाटलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

डॉक्टर फेसासकट त्यांच्याजवळ जाऊन बसले. "ही तीच कळ का हो, जिच्यापायी मी तुमची दाढ काढली?"

भाऊजींनी मान हलवली.

"म्हणजे त्या बिचारीचा काही गुन्हा नव्हता," डॉक्टर खजील होऊन म्हणाले. "ऐका. माझ्याबरोबर शिकलेल्या एकाची बहीण फक्त वेदनांवर उपचार करते. गोळ्यांना दाद न देणाऱ्या नसा तिच्याकडे येतात. मी आत्ता फोन करतो. दाढीचं तेवढं तुमच्या मेहुण्यांकडून उरकून घेतो."

त्या आठवड्यात आम्ही तिघं त्या बाईंच्या दवाखान्यात गेलो. पस्तिशीच्या असतील. भाऊजींनी बसल्याबसल्या मला खूण केली, बाईंच्या केसांची मागची रेघ वाकडी कापली होती. मी त्यांना कोपर मारलं.

बाईंनी घाई न करता सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "काका, जिभेच्या मागच्या भागाला आणि घशाला एक नस जाते. तुमची ती चाळवली गेली आहे. साधा घोट उतरला तरी ती मेंदूला ओरडून सांगते, आग लागली. खरं तर आग कुठेच नाही. डोकं उघडून करायचं ऑपरेशन असतं, काहींना तेच योग्य ठरतं. पण तुमच्यासाठी आधी एक लहान वाट आहे. कानाखालून, जबड्याच्या मागून एक बारीक सुई न्यायची, स्कॅनमध्ये बघत बघत, थेट नसेपर्यंत. तिच्या टोकातून रेडिओ लहरी सोडायच्या, थांबून थांबून. नस जाळायची नाही, तिचा आरडाओरडा तेवढा कमी करायचा. टाका नाही. भूल फक्त तेवढ्याच जागेला."

'रेडिओ' ऐकताच ताईने तोंडावर हात दाबला, पण हसू काही आवरेना. "अगं बाई! रेडिओला रेडिओचंच औषध!"

बाईंना नावाचा उलगडा केल्यावर त्याही हसल्या. मी विचारलं, "याने पूर्ण बरं होईल?"

"तशी हमी मी देत नाही. कुणाला काही महिने आराम पडतो, कुणाला काही वर्षं. परत दुखलं तर परत करता येतं. काही दिवस घसा जड वाटेल, गिळताना जपावं लागेल. आणि तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, म्हणून मी एकेक मिलिमीटर बघत जाते."

भाऊजींचा चेहरा उतरला. मानेत सुई! ताई म्हणाली, "चौतीस वर्षं लोकांच्या गळ्याला वस्तरा लावलात, कोणी पळालं का?"

भाऊजी फार दिवसांनी बोलले. प्रत्येक शब्द काचेवरून चालल्यासारखा. "त्यांनी... माझे हात... पाहिले होते."

बाईंना ते कळलं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पुढे धरले, बोटं पसरून. भाऊजी खुर्ची ओढून जवळ गेले. मला कामावर घेताना जसे माझे हात पाहिले होते, तसेच पाहिले. पालथे, मग उताणे. चांगलं मिनिटभर. बोट तसूभर हललं नाही. भाऊजींनी मान डोलावली आणि अंगठा वर केला.

आधी चाचणी झाली. नस नेमकी तीच आहे ना हे बघायला तिथे नुसतं बधिर करणारं औषध टोचलं. अर्ध्या तासाने भाऊजींनी दबकत दबकत थुंकी गिळली, मग माझं नाव घेतलं, मग ताईचं, आणि मग जे सुटले ते सुटलेच. बधिरपणा उतरेपर्यंत खायला-प्यायला बंदी होती, म्हणून त्यांनी तो सगळा वेळ बोलण्यात घातला. दवाखान्याच्या रखवालदाराला आठ महिन्यांच्या साचलेल्या बातम्या ऐकाव्या लागल्या. संध्याकाळी घरी जिना चढताना औषध उतरलं आणि कळ परत आली. ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भाऊजी मात्र गालावर हात दाबून, दुखतानाच हसत होते. चोर सापडला होता!

पुढच्या मंगळवारी खरं काम होतं. आम्ही बाहेर बसलो. आत काय झालं ते नंतर नर्सनी सांगितलं. सुई जागेवर गेल्यावर बाई म्हणाल्या, "काका, आता बारीक मुंग्या येतील. कुठे येतात ते सांगा."

"डावीकडे... घशात. आता कानात."

"अगदी बरोबर. आता मान न हलवता जरा बोला, तुमचा आवाज बदलत नाही ना, ते मला ऐकायचंय."

"काय बोलू?"

"काहीही."

"बाई, तुम्ही हे काय बोलून बसलात, तुम्हाला माहीत नाही," भाऊजी म्हणाले आणि कासवाची हकिकत सुरू केली. कासव परत येऊन दाराशी पोचलं तोवर बाईंचं ऐकून झालं होतं. "पुरे, काका. आता सहा मिनिटं एकदम गप्प." एका बाजूला हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र टिकटिकत होतं. बाईंचे डोळे पडद्यावर होते. भाऊजी पुतळ्यासारखे पडून राहिले.

दोन तासांनी त्यांना पाण्याचा पहिला घोट द्यायची परवानगी मिळाली. कप ताईने धरला होता. भाऊजींनी डोळे मिटले, घोट घेतला, गिळला, आणि डोळे तसेच मिटून बसून राहिले.

"अहो, आली का कळ?"

"वाट बघतोय."

"किती वेळ बघणार?"

"थांब गं. इतके महिने न चुकता आली. आज उशीर झाला असेल."

ती आली नाही. दुसरा घोट, तिसरा घोट. भाऊजींनी डोळे उघडले तेव्हा ताईने कप तसाच कलता धरला होता आणि अर्धं पाणी त्यांच्या सदऱ्यावर होतं.

एका रात्रीत सगळं सरळ झालं असं नाही. पहिले पंधरा दिवस घसा डावीकडे जड होता, आवाज थोडा घोगरा, आणि अधूनमधून एखादी ठिणगी उडायची. पण वीज अशी पडली नाही. बाईंनी गोळ्या हळूहळू कमी केल्या, तसा भाऊजींचा झोकही गेला. वस्तरा त्यांनी महिनाभर हातात घेतला नाही. मग एके दिवशी आधी माझी दाढी केली, आणि तेव्हा कुठे त्यांचा स्वतःवर भरवसा बसला. दुकानात पुन्हा बातम्या सुरू झाल्या, पण एक बदल झाला. टपाल कचेरीतले कारकून बोलायला लागले की भाऊजी थांबतात. "यांचं राहू दे आधी," म्हणतात. इतकी वर्षं या माणसाच्या पोटात काय काय होतं, हे आपण ऐकलंच नाही, असं मला एकदा म्हणाले. चुटपुट लागल्यासारखे.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा बाईंनी भाऊजींना बाजूला घेतलं. बाहेरच्या खोलीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांचंही दुखणं हेच. बोलता येत नव्हतं, उद्या सुई लावायची होती, आणि त्या घाबरून घरी जायच्या बेतात होत्या. "दोन शब्द सांगाल का त्यांना?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

दोन शब्द! भाऊजी त्यांच्या शेजारी बसले ते पाऊण तास उठले नाहीत. सुई किती बारीक, मुंग्या कशा येतात, पहिला घोट कसा लागतो, डॉक्टरबाईंचे हात कसे आहेत, सगळं सांगितलं. मध्ये दाढीच्या साबणांवरही एक प्रकरण झालं. त्या बाई गाल धरून ऐकत होत्या. हळूहळू त्यांचे खांदे सैल पडले. शेवटी त्यांनी पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढला, मांडीवरच्या काळ्या कापडाच्या तुकड्यावर काहीतरी लिहिलं आणि तो आमच्यासमोर धरला.

"उद्या नक्की येते. आता माझा दुसरा कानही दुखायला लागलाय."

ताई इतकी हसली की आतल्या खोलीतून डॉक्टरबाई बघायला बाहेर आल्या.